संगणकातील ग्राफिक्स कार्ड 'ओळखले न जाणे' : कारणमीमांसा आणि निदानाचा क्रम
(कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या विशेष संदर्भात)

सारांश

चालू स्थितीतील ग्राफिक्स कार्ड एके दिवशी अचानक संगणकाकडून ओळखले जाईनासे होणे, ही महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील परिचित अडचण आहे. अशा वेळी कार्ड निकामी झाले असा निष्कर्ष घाईने काढला जातो व ते निर्लेखनाच्या यादीत जाते. वस्तुतः 'ओळखले जाणे' ही एक घटना नसून वीज, जोड, नोंदणी, ड्रायव्हर आणि चित्र अशा पाच कड्यांची साखळी आहे. साखळी कोणत्या कडीपाशी तुटली हे ठरविल्याखेरीज कार्डाविषयी कोणताही निर्णय घेणे योग्य ठरत नाही. प्रस्तुत लेखात या साखळीचे स्वरूप, कोल्हापूर परिसरातील हवामान व शैक्षणिक वर्षाचा तिच्याशी असणारा संबंध, निदानाचा क्रम आणि निर्लेखनापूर्वी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ग्राफिक्स कार्ड, पीसीआय एक्सप्रेस, बायोस, ड्रायव्हर, निदान, निर्लेखन, ई-कचरा

१. प्रस्तावना

ग्राफिक्स कार्ड ही एकेकाळी खेळ आणि जाहिरात-आरेखन यांपुरती मर्यादित असलेली वस्तू होती. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणले आणि ती संज्ञा रूढ झाली. २००७ मध्ये 'क्युडा' ही प्रणाली उपलब्ध झाल्यावर याच कार्डावर चित्राखेरीज इतर गणिती कामेही करता येऊ लागली. २०१२ मध्ये 'अ‍ॅलेक्सनेट' हे प्रतिमा ओळखणारे प्रारूप प्रत्येकी ३ जीबी स्मृती असलेल्या दोन साध्या ग्राफिक्स कार्डांवर प्रशिक्षित करण्यात आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अध्यापनात या कार्डाला मध्यवर्ती स्थान मिळाले.

कोल्हापूर परिसरात या वस्तूला आणखी एक महत्त्व आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री व यंत्रभाग उद्योगांत साच्याचे आरेखन, त्रिमितीय प्रारूप आणि ओतकामाचे संगणकीय अनुकरण ही नित्याची कामे झाली आहेत. या उद्योगांत जाणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच या कामाचे पहिले धडे घेतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी एका संगणकाचे कार्ड ओळखले गेले नाही, तर एका विद्यार्थ्याची परीक्षा अडते. तेच कार्ड चुकीच्या निदानामुळे निर्लेखित झाले, तर पुढील अनेक तुकड्यांचे साधन हरपते.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) कार्ड 'ओळखले जाणे' या प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट करणे.
(आ) स्थानिक परिस्थितीतून उद्भवणारी कारणे विशद करणे.
(इ) संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या प्राध्यापकांसही अनुसरता येईल असा निदानक्रम मांडणे.
(ई) निर्लेखनाच्या निर्णयासाठी किमान निकष सुचविणे.

२. 'ओळखले जाणे' म्हणजे काय?

'कार्ड दिसत नाही' या एका वाक्यात किमान पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्यांची फोड केल्याशिवाय निदान संभवत नाही.

२.१ वीज. पीसीआय एक्सप्रेस प्रकारच्या पूर्ण लांबीच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डास कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅटपर्यंत, तर आठ पिनांची जोडणी १५० वॅटपर्यंत वीज पुरविते. २०२२ पासून वापरात आलेली सोळा पिनांची नवी जोडणी ६०० वॅटपर्यंतचा भार वाहू शकते. ही स्वतंत्र जोडणी निघालेली किंवा सैल असेल, तर काही कार्डांचे पंखे स्लॉटच्या विजेवर फिरत राहतात. पण कार्डाचे मुख्य कार्य सुरू होत नाही. म्हणून पंखा फिरतो यावरून वीजपुरवठा पूर्ण आहे, असे अनुमान काढता येत नाही.

२.२ जोड. स्लॉट आणि कार्ड यांच्यात दोन्ही बाजू मिळून १६४ संपर्कबिंदू असतात. त्यांपैकी काही बिंदू केवळ 'कार्ड बसविले आहे' एवढाच संकेत देण्यासाठी असतात. तो संकेत, १०० मेगाहर्ट्झचा घड्याळ-संकेत आणि रीसेटचा संकेत मिळाल्यावर मदरबोर्ड व कार्ड परस्परांशी जुळवून घेतात आणि किती मार्गिकांवर, कोणत्या वेगाने बोलावयाचे हे ठरवितात. या सोळा मार्गिकांपैकी एखादीचा संपर्क बिघडला, तर कार्ड बंद न पडता आठ, चार किंवा एकाच मार्गिकेवर चालू राहू शकते. वापरणाऱ्यास ते केवळ मंद झाल्यासारखे वाटते. मार्गिकांची संख्या विनाकारण घटणे ही पुढे कार्ड नाहीसे होण्याची पूर्वसूचना असते. मात्र काही मदरबोर्डांवर लांब स्लॉटही मुळातच आठ किंवा चार मार्गिकांचा असतो, हे आधी पाहून घ्यावे.

२.३ नोंदणी. जोड जुळल्यानंतर बायोस प्रत्येक संभाव्य जागी 'येथे कोण आहे?' अशी पृच्छा करते. उत्तरादाखल उपकरण आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगते. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा १००२ आणि इंटेलचा ८०८६ आहे. जागा रिकामी असेल अथवा कार्ड मूक असेल, तर सर्व अंक 'एक' असलेले उत्तर येते आणि षोडशमान पद्धतीत ते एफएफएफएफ असे दिसते. क्रमांक मिळाल्यावर कार्डाला स्मृतीतील पत्ते नेमून दिले जातात. पत्ते अपुरे पडले तर कार्ड ओळखले जाते, पण काम करीत नाही.

२.४ ड्रायव्हर. नोंदणीपर्यंतचे काम बायोसचे. त्यानंतर कार्यप्रणालीने त्या क्रमांकाशी जुळणारा ड्रायव्हर शोधून सुरू करावयाचा असतो. येथे साखळी तुटली तर कार्ड यंत्रदृष्ट्या निर्दोष असूनही निरुपयोगी भासते.

२.५ चित्र. शेवटी कार्डाकडून मॉनिटरपर्यंत संकेत पोहोचावा लागतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणे, हे या टप्प्यावरील सर्वांत सामान्य आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारे कारण होय. प्रोसेसरमध्ये अंतर्भूत ग्राफिक्स असेल तर त्या पोर्टवरही चित्र दिसत राहते आणि कार्ड विनावापर पडून राहते.

३. कोल्हापूर परिसराचा संदर्भ

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांत घाटमाथ्यावरील अतिवृष्टीचा प्रदेश आणि पूर्वेकडील कमी पावसाचा प्रदेश शेजारीशेजारी आहेत. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असून जून ते सप्टेंबर या काळात तेथील हवा दीर्घकाळ दमट राहते. गगनबावडा व राधानगरी परिसरात हे प्रमाण त्याहून अधिक असते. या हवामानाचा शैक्षणिक वर्षाशी जो मेळ बसतो, त्यातून बिघाडांना एक प्रकारची ऋतुमानता प्राप्त होते.

उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळेचा मुख्य वीजपुरवठा बंद ठेवला जातो. या काळात बायोसमधील मांडणी व घड्याळ केवळ मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या नाणेवजा बॅटरीवर टिकून असते. बॅटरी जुनी असेल तर जूनमध्ये संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते व बायोसची मांडणी मूळ स्थितीस परतलेली असते. प्राथमिक ग्राफिक्स म्हणून कार्डाऐवजी अंतर्भूत ग्राफिक्सची निवड झाल्यास अथवा जुन्या कार्डांना आवश्यक असणारी पूर्वपद्धतीची सुसंगती बंद झाल्यास कार्ड 'नाहीसे' होते. थोडक्या किमतीची बॅटरी बदलून आणि मांडणी पूर्ववत करून सुटणारा हा प्रश्न आहे.

पावसाळ्याच्या प्रारंभी बंद खोलीत साठलेली आर्द्रता आणि उन्हाळ्यात बसलेली धूळ एकत्र येतात. कोरडी धूळ मुख्यतः हवा अडविते. ओली धूळ मात्र संपर्कबिंदूंवर अंशतः विद्युत्वाहक थर निर्माण करते. फाउंड्रीलगतच्या आरेखन-कक्षांत या धुळीत वाळू, कोळशाची भुकटी व लोहकण मिसळलेले असू शकतात. साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामातील बगॅसची राख त्यात भर घालते. याउलट डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत स्थिर विद्युतेचा धोका वाढतो. म्हणजे पावसाळ्यात संपर्काची काळजी, तर हिवाळ्यात हाताळणीची काळजी अधिक घ्यावी लागते.

पुराचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाण्यात बुडालेले यंत्र आणि केवळ ओलसर हवेत दीर्घकाळ बंद राहिलेले यंत्र यांत भेद करणे अगत्याचे आहे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचे झाकण उघडून, हवा खेळती ठेवून ते पूर्ण कोरडे झाल्यावर सुरू करता येते. पहिल्या प्रकारचे यंत्र मात्र 'चालते का' हे पाहण्यासाठी कदापि सुरू करू नये. प्रथम मदरबोर्डवरील बॅटरी काढावी, कारण तिच्या अल्पशा विजेनेही ओल्या भागांचे क्षरण वेगाने होते. पुराच्या गाळातील क्षार वाळल्यानंतरही हवेतील ओल शोषून घेतात. म्हणून कार्ड स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळविल्याखेरीज त्याची चाचणी घेऊ नये.

४. निदानाचा क्रम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीची मोठी परंपरा आहे. इंजिन सुरू होत नसेल तर जाणता मेस्त्री थेट हेड उघडत नाही. टाकीत डिझेल आहे का, नळीत हवा अडकली आहे का, दाब मिळतो का, या क्रमाने तो जातो. स्वस्त, सोपी आणि काहीही न उघडता करता येण्याजोगी तपासणी आधी. खर्चिक आणि परत न फिरविता येणारी कृती शेवटी. ग्राफिक्स कार्डाच्या निदानातही हेच तत्त्व उपयोगी पडते. त्यास आणखी एका नियमाची जोड द्यावी : एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर निरीक्षण लिहून ठेवावे. केबल, ड्रायव्हर आणि स्लॉट हे तिन्ही एकदम बदलले आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र सुटते. पण कारण कळत नाही आणि तोच बिघाड पुन्हा येतो.

पहिली पायरी : बाह्य तपासणी. मॉनिटरची केबल कोणत्या पोर्टला आहे ते पाहावे. मॉनिटर व केबल दुसऱ्या, चालू संगणकावर तपासून घ्यावी. मॉनिटरवर योग्य इनपुटची निवड आहे का, याची खात्री करावी.

दुसरी पायरी : संपूर्ण पुनरारंभ. विंडोज ८ पासून (२०१२) 'शट डाउन' केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्णतः बंद न होता डिस्कवर जतन केला जातो व पुढील वेळी तसाच उचलला जातो. त्यामुळे रोज संध्याकाळी बंद केला जाणारा संगणक प्रत्यक्षात अनेक दिवस ताजा सुरूच झालेला नसतो. 'रीस्टार्ट' या पर्यायाने मात्र गाभा नव्याने सुरू होतो. त्यानंतर यंत्र बंद करून वीजजोडणी काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून शिल्लक भार उतरवावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. तात्पुरत्या स्वरूपाचा अडथळा येथेच दूर होतो.

तिसरी पायरी : बायोसची साक्ष. यंत्र सुरू होताना येणारे शिट्टीसारखे ध्वनी लक्षपूर्वक ऐकावेत. अवॉर्ड बायोसच्या प्रचलित संकेतानुसार एक दीर्घ व दोन ऱ्हस्व ध्वनी चित्रयंत्रणेतील दोष दर्शवितात. एएमआय बायोसमध्ये आठ ध्वनी कार्डाच्या स्मृतीकडे निर्देश करतात. अलीकडील अनेक मदरबोर्डांवर यासाठी लहान दिवे असतात. चित्र मिळत असेल तर बायोसमध्ये जाऊन तारीख, प्राथमिक ग्राफिक्सची निवड आणि स्लॉटची नोंद पाहावी. कार्ड बायोसमध्ये दिसत असेल, तर वीज, जोड आणि नोंदणी या तीन कड्या सामान्यतः शाबूत आहेत असे समजून ड्रायव्हरकडे वळावे. दिसत नसेल तर ड्रायव्हर पुनःपुन्हा टाकण्यात वेळ दवडू नये. हा एक निकष पाळला तरी बराच निरर्थक खटाटोप वाचतो.

चौथी पायरी : कार्यप्रणालीची साक्ष. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर केवळ 'आहे' वा 'नाही' एवढेच सांगत नाही. तो संकेतांकाद्वारे साखळीतील स्थानही सूचित करतो. संकेतांक २२ म्हणजे उपकरण कोणीतरी हेतुपूर्वक बंद केले आहे. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १२ म्हणजे स्मृतीतील पत्ते वा तत्सम साधने अपुरी आहेत. ४५ म्हणजे पूर्वी नोंदलेले उपकरण सध्या जोडलेले नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच दोष कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले आहे. यांपैकी ४३ हा संकेतांक सर्वाधिक फसवा आहे, कारण तो सदोष ड्रायव्हर आणि सदोष कार्ड या दोन्हींमुळे येऊ शकतो. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा तिसऱ्या कडीची साक्ष देते. तेथे कार्ड दिसते, पण एनव्हिडियाची 'एसएमआय' ही आज्ञा अयशस्वी होते, तेव्हा दोष चौथ्या कडीत शोधावा. गाभा अद्ययावत झाल्यावर ड्रायव्हरचा भाग त्याच्याशी न जुळणे किंवा सुरक्षित आरंभाच्या मांडणीमुळे तो नाकारला जाणे, ही तेथील नेहमीची कारणे होत.

पाचवी पायरी : ड्रायव्हरची शुद्धी. जुना ड्रायव्हर पूर्णतः काढून त्या कार्डाच्या पिढीस अनुरूप आवृत्ती टाकावी. सर्वांत नवी आवृत्ती ही नेहमीच योग्य आवृत्ती नसते. उदाहरणार्थ, २०२१ मध्ये एनव्हिडियाने केप्लर पिढीतील कार्डांना आपल्या नव्या ड्रायव्हर-शाखांमधून वगळले. अशा कार्डांवर स्वयंचलित अद्ययावतीकरणाने नवा ड्रायव्हर बसला, तर निर्दोष कार्डही ओळखले जात नाही.

सहावी पायरी : झाकण उघडणे. वीजजोडणी काढल्यानंतरच हे करावे. हात आधी धातूच्या आवरणास लावून स्थिर भार उतरवावा, शक्य असल्यास मनगटपट्टा वापरावा. कार्ड स्लॉटमध्ये तिरके झाले आहे का ते पाहावे. जड कार्डे स्वतःच्या वजनाने खाली झुकतात; तसेच रोजच्या तापण्या-निवण्याने सूक्ष्म हालचाल होऊन संपर्क ढिला होतो. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका आधी मोकळा करावा, अन्यथा स्लॉटच तुटतो. संपर्कपट्टी तंतुविरहित कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी, वाळू द्यावी आणि कार्ड खटका बसेपर्यंत सरळ दाबून बसवावे, स्क्रू आवळावा, वीजजोडण्या पक्क्या कराव्यात.

सातवी पायरी : वीजपुरवठ्याचे मापन. एसएमपीएसच्या १२ व्होल्ट वाहिनीवर ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. म्हणजे मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट यांदरम्यान वाचन यावयास हवे. हे वाचन यंत्र निष्क्रिय असताना आणि त्यावर भार असताना, अशा दोन्ही वेळी घ्यावे. निष्क्रिय स्थितीत ठीक वाटणारा जुना एसएमपीएस भार येताच कोलमडतो, हे अनेकदा आढळते. प्रयोगशाळेतील अर्थिंगची तपासणीही जाणकार वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

आठवी पायरी : अदलाबदलीची कसोटी. संशयित कार्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकात आणि निर्दोष कार्ड संशयित संगणकात लावून पाहावे. यातून चार शक्यता निष्पन्न होतात. संशयित कार्ड दुसरीकडे चालले व निर्दोष कार्ड येथे चालले नाही, तर दोष मदरबोर्ड, स्लॉट वा एसएमपीएसचा आहे. संशयित कार्ड दुसरीकडेही चालले नाही व निर्दोष कार्ड येथे चालले, तर दोष कार्डाचा आहे. दोन्ही चालली, तर दोष संपर्काचा वा मांडणीचा होता आणि तो अदलाबदलीतच दूर झाला. दोन्ही चालली नाहीत, तर दोन्हीकडे दोष असू शकतो; क्वचित सदोष एसएमपीएसनेच कार्डाची हानी केलेली असते. म्हणून या शेवटच्या स्थितीत आणखी एखादे चांगले कार्ड त्या यंत्रात लावण्याचा मोह टाळावा.

५. भाराखाली नाहीसे होणारे कार्ड

काही कार्डे सुरुवातीस ओळखली जातात आणि काम चालू असताना नाहीशी होतात. विंडोज व्हिस्टापासून (२००७) अशी तरतूद आहे की, कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जातो. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होणे हे त्याचे दृश्य लक्षण होय. लिनक्सवर एनव्हिडियाच्या नोंदींत येणारा 'एक्सआयडी ७९' हा संकेत तर कार्ड 'बसवरून गळून पडले' अशाच शब्दांत स्थिती वर्णन करतो. अशा वेळी तापमान, वीज आणि संपर्क या तिन्हींचा विचार क्रमाने करावा. पंख्यातील धूळ काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस वापरणे हे त्यावरील मूलभूत उपाय होत. स्लॉटचा वेग बायोसमधून एका पिढीने कमी करून पाहणे ही एक उपयुक्त चाचणी आहे. त्यामुळे कार्ड स्थिर झाले, तर दोष संपर्कात किंवा जोडपट्टीत असण्याचा संभव अधिक असतो.

६. काही प्रचलित उपायांचे परीक्षण

संपर्कपट्टी खोडरबराने घासणे हा आपल्याकडील सर्वपरिचित उपाय आहे. त्याने वरवरचा मळ निघतो आणि अनेकदा कार्ड सुरूही होते. तथापि, पट्टीवरील सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असून त्याखाली निकेलचा थर असतो. वारंवार घासल्याने मुलामा झिजतो आणि दमट हवेत क्षरणाला वाट मिळते. खोडरबराचे कणही स्लॉटमध्ये साचतात. म्हणून अल्कोहोलने पुसणे हाच नित्याचा उपाय असावा.

दुसरा उपाय कार्ड भट्टीत तापविण्याचा. याच्या प्रसारामागे एक इतिहास आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसेविरहित डाखाचा वापर सार्वत्रिक होऊ लागला. शिसे-कथिलाचा पूर्वीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळे. नवा कथिल-चांदी-तांब्याचा डाख सुमारे २१७ अंशांस वितळतो. त्यानंतर जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या आवेष्टन-साहित्यातील कमकुवतपणामुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. या बिघाडांत चिपेच्या आतील सूक्ष्म जोडांना तडे जात. तापविल्याने ते तडे काही काळ सांधल्यासारखे होत आणि कार्ड काही दिवस चाले. हा उपाय कारण दूर करीत नाही. शिवाय त्यातून बाहेर पडणारी वाफ आरोग्यास अपायकारक असते. शैक्षणिक संस्थेत, आणि स्वयंपाकाच्या भट्टीत तर कधीही, तो करू नये.

७. नोंद, निर्लेखन आणि ई-कचरा

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कार्डाची खरेदी व किंमत नोंदलेली असते. त्याच्या प्रकृतीची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते. प्रत्येक कार्डासाठी एक पानाचे टिपण ठेवल्यास निदान फार सुकर होते. त्यात अनुक्रमांक, योग्य ड्रायव्हरची आवृत्ती, खरेदीच्या वेळी दिसलेली मार्गिकांची संख्या, भाराखालील तापमान, शेवटची स्वच्छता आणि बॅटरी बदलल्याचा दिनांक एवढी माहिती पुरेशी आहे. वार्षिक देखभाल करार असला तरी हे टिपण संस्थेकडेच असावे, कारण कंत्राटदार बदलतो आणि त्याच्याबरोबर यंत्राची स्मृतीही निघून जाते.

निर्लेखनाच्या प्रस्तावास 'चालू होत नाही' एवढा शेरा पुरेसा मानू नये. किमान तीन गोष्टी त्यात नोंदविलेल्या असाव्यात : साखळी कोणत्या कडीपाशी तुटली, अदलाबदलीच्या कसोटीचा निष्कर्ष काय, आणि वॉरंटीची स्थिती काय. आर्थिक शिस्तीसाठी हे आवश्यक आहेच. प्रयोगशाळा साहाय्यकाच्या दृष्टीनेही ते न्याय्य आहे. कारण शोधलेले नसले की बिघाडाचा दोष बहुधा त्याच्या हाताळणीवर टाकला जातो आणि त्याला स्वतःचा बचाव करण्यास कोणताही आधार उरत नाही.

खरोखरच निकामी ठरलेले कार्ड हा ई-कचरा होय. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार आर्थिक वर्षात अनुसूचीतील किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था 'मोठी ग्राहक' ठरते व तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच सोपविणे बंधनकारक आहे. वसतिगृहे व कार्यालये धरून मोठ्या शिक्षण-संकुलांनी आपली उपकरणे या मर्यादेत येतात का, हे तपासून घ्यावे. लहान महाविद्यालयांनीही निर्लेखित साहित्य भंगारात न देता याच मार्गाने देणे श्रेयस्कर आहे.

८. निष्कर्ष

(१) ग्राफिक्स कार्ड ओळखले न जाणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. वीज, जोड, नोंदणी, ड्रायव्हर आणि चित्र यांपैकी कोणत्याही कडीच्या तुटण्याने ते प्रकट होते.

(२) कार्ड बायोसमध्ये दिसते की नाही, हा निदानातील सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावरून पुढील शोध यंत्रभागात घ्यावयाचा की प्रणालीत, हे ठरते.

(३) कोल्हापूर परिसरात जूनमधील बॅटरी व मांडणीचे दोष, पावसाळ्यातील संपर्कदोष आणि हिवाळ्यातील स्थिर विद्युत यांचा विचार करून देखभालीचे वेळापत्रक आखता येते. सत्रारंभापूर्वी एक आठवडा सर्व यंत्रे सुरू करून पाहणे आणि प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी प्रत्येक कार्ड भाराखाली तपासणे, एवढ्या दोन गोष्टींनीही ऐनवेळची धावपळ टळू शकते.

(४) अदलाबदलीच्या कसोटीविना निर्लेखन होऊ नये.

ही तपासणी विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत, किंबहुना त्यांच्या हातून करून घेतली, तर बिघडलेले कार्डही अध्यापनाचे साधन ठरते. लक्षणाकडून कारणाकडे जाणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि पाहिले ते लिहून ठेवणे ही सवय कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडणारी आहे. नव्या कार्डाच्या मागणीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी जुन्यासाठी एक तास द्यावा, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य होय.